बेबी ऑफ मालक

संध्याकाळी साडेपाच वाजले की सिस्टर गेटवरच्या वॉचमनला चार्ज द्यायच्या.

साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. खाली पत्र्याचे वॉशर पाडणारं पंचिंग मशीन, शेजारी पुठ्ठ्याचे खोके बनवणारे, आणि मध्ये आम्ही सहा जण, तान्ह्या बाळांची झबली बनवणारे. साधी झबली नव्हेत. छातीवरून चांदीचा मुलामा दिलेला धागा विणलेला, खांद्यावर बटणाएवढी डबी, आणि त्या डबीतून बाळाचा श्वास थेट आईच्या फोनवर. मी त्यातलं फोनवरचं काम बघायचो, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचो.

तर सिस्टर गेटवर उभ्या राहायच्या, छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ बघायच्या आणि वॉचमनला सांगायच्या, "दोन मशीन बंद केलेत. खिडकीजवळचा पंखा खडखडतोय, त्याला हात लावायचा नाही. शिलाईवाल्या ताईंना सर्दी आहे. आणि तो कम्प्युटर दुपारपासून गप्प गप्प आहे, त्याच्याकडे लक्ष ठेव."

कम्प्युटर म्हणजे मी.

"जी, सिस्टर," वॉचमन म्हणायचा. सुरुवातीला तो हसायचा. पुढे पुढे मी रात्रीचं जेवण आणायला खाली उतरलो की विचारायला लागला, "तबियत कैसी है अब?"

सिस्टर छत्तीस वर्षं एकाच प्रसूतिगृहात नर्स होत्या. चार्ज दिल्याशिवाय वॉर्ड सोडायचा नाही, हे अंगात एवढं भिनलेलं की कोणी चार्ज घेणारं दिसलं नाही तर त्या निघायच्याच नाहीत. एकदा वॉचमन चहाला गेला होता, तर खोकेवाल्यांच्या माणसाला धरून चार्ज दिला. तो बिचारा सगळं ऐकून घाबरला आणि वर येऊन म्हणाला, "तुमच्यात कोणी सिरीयस आहे का?"

आमच्याकडे त्या कशा आल्या, तर आमच्या सहा जणांत मिळून एकही मूल नव्हतं. कंपनी काढणारे आमचे सर तिशीतले, बाहेर शिकून आलेले. कोणीतरी त्यांच्या लक्षात आणून दिलं, की बाबा, बाळ पाहिलेला एखादा तरी माणूस ठेवा. सरांनी मुलाखतीत विचारलं, "सिस्टर, तुम्ही अंदाजे किती बाळं हाताळलीत?"

"मोजली नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "मोजत बसले असते तर एखादं पडलं असतं."

महिन्यातून दोनदा सल्ला द्यायला यायचं ठरलं होतं. त्या दुसऱ्या दिवसापासून रोज यायला लागल्या. दिंडोशीहून बसने, डबा आणि दुपट्यांची पिशवी घेऊन. सर म्हणायचे, आपल्यात सर-बिर काही नाही, मला नावाने हाक मारा. सिस्टर त्यांना मालक म्हणायच्या.

"सिस्टर, प्लीज, मालक नको."

"बरं, मालक."

हातात येईल ती वस्तू तोलून तिचं वजन सांगायची त्यांना सवय होती. तेही बाळाच्या हिशोबात. माझा लॅपटॉप उचलून म्हणाल्या, "दोन किलो शंभर. कमी वजनाचा आहे रे, जरा अंगाशी धरून ठेव." माझा डबा उचलून म्हणाल्या, "साडेनऊशे. हा काचेच्या पेटीत ठेवायला लागेल." कुरियरवाला वजनकाटा आणायचा विसरला की पार्सल सिस्टरच्या हातात द्यायचा. त्या सांगतील तो आकडा तो डोळे झाकून लिहायचा आणि वजन चुकलं म्हणून पार्सल कधी परत आलं नाही.

पण खरी पंचाईत त्यांच्या एका नियमाने झाली. जे बाळाला घालणार, ते आधी आपण घालायचं. पहिल्याच महिन्यात त्यांनी ताईंकडून सहा मोठ्या मापाची झबली शिवून घेतली. मागे नाड्या, छातीवर बदक. "आठ दिवस अंगावर ठेवा. घाम येऊ दे, खाज येऊ दे, मग बोला." सरांनी नाही म्हणून बघितलं. सिस्टर झबलं धरून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. साडेतीन मिनिटांनी सरांनी हात वर केले, आणि सिस्टरने ते त्यांच्या डोक्यातून घातलं.

त्याच आठवड्यात सरांची पवईला एका मोठ्या ऑफिसात मीटिंग होती. ब्लेझरच्या आत शर्ट, शर्टाच्या आत झबलं. इकडे गाळ्यात आमच्या स्क्रीनवर सरांची सगळी खबर येत होती. अकरा वाजता आलं, 'बाळ अस्वस्थ आहे. कपडे ओले आहेत का ते तपासा.'

सिस्टरने लगेच फोन लावला. "मालक, ओलं झालंय का?"

सर पलीकडून दबक्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, मी मीटिंगमध्ये आहे."

"ते मला दिसतंय. ओलं झालंय का ते सांगा."

"नाही!"

पाच मिनिटांनी स्क्रीनवर आलं, 'बाळाला भूक लागली असावी.' सिस्टरने पुन्हा फोन उचलला तेव्हा आम्ही चौघांनी मिळून तो त्यांच्या हातातून काढून घेतला. सरांनी नंतर सांगितलं, की नेमकं तेव्हाच तिकडे कोणीतरी विचारलं होतं, तुमच्या यंत्राची चूक व्हायची शक्यता किती?

त्या मीटिंगमधून काही निघालं नाही. पण घाटकोपरच्या एका छोट्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाई तयार झाल्या. सहा पाळणे, सहा झबली, दोन आठवडे वापरून बघायचं. सोमवारी सुरू करायचं आणि आधीच्या शुक्रवारी त्या स्वतः गाळ्यावर येऊन बघून जाणार. आमच्या दृष्टीने हे सगळंच होतं. हे जमलं तर कंपनी राहणार, नाहीतर सगळ्यांनी नोकऱ्या शोधायच्या.

आणि त्या शुक्रवारच्या आधीच्या सोमवारी सकाळी सिस्टर भोपळा घेऊन आल्या.

लाल भोपळा. दिंडोशीच्या बाजारातून निवडून आणलेला. "तीन किलो दोनशे," टेबलावर ठेवत म्हणाल्या. "छान भरलेलं आहे." त्यांनी त्याला झबलं घातलं, नाड्या बांधल्या आणि दुपट्यात गुंडाळून धाग्यांच्या क्रेटमध्ये ठेवलं. "ए कम्प्युटर, याची नोंद कर."

"सिस्टर, हा भोपळा आहे."

"मग तुझ्या झबल्याला ते कळायला हवं ना. तेच बघायचंय. कर नोंद."

अ‍ॅप नावाशिवाय पुढे जात नव्हतं. प्रसूतिगृहात बारसं होईपर्यंत बाळाला आईच्या नावाने ओळखतात, बेबी ऑफ अमुक. सिस्टर म्हणाल्या, "बेबी ऑफ मालक." फोन नंबर सरांचा.

क्षणभर काही झालं नाही. मग स्क्रीनवर आलं, 'श्वास मिनिटाला ४१. बेबी ऑफ मालक शांत झोपलं आहे.'

आम्ही सगळे खो खो हसलो. सरही हसले. फक्त सिस्टर हसल्या नाहीत. त्या घड्याळ हातात धरून भोपळ्याकडे बघत होत्या.

"पंख्यामुळे असेल," सर म्हणाले. पंखे बंद केले. घामाच्या धारा. भोपळा चाळीस.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं की खालचं पंचिंग मशीन मिनिटाला साधारण तेवढेच ठोके मारतं. जमीन हलते, टेबल हलतं, धागा हलतो. सगळ्यांना हायसं वाटलं. दुपारी एकला खालचे कामगार जेवायला गेले, मशीन थांबलं. आम्ही स्क्रीनभोवती जमलो. एक्केचाळीस. मग बेचाळीस. मग पुन्हा चाळीस.

"मशीन जेवायला गेलं," सिस्टर म्हणाल्या, "हा अजून श्वास घेतोय."

पुढे चार दिवस तो भोपळा आमच्यात राहिला. सरांना रोज संध्याकाळी संदेश यायचा, 'अभिनंदन! आज तुमचं बाळ बावीस तास झोपलं.' सरांनी त्यावर एक सिद्धांत काढला होता, की भोपळ्यात पाणी असतं, माणसातही पाणी असतं. ताई पहिल्या दिवशी म्हणाल्या, काय येडेपणा चाललाय. तिसऱ्या दिवशी त्यांनी क्रेटजवळची कात्री उचलून लांब ठेवली. मी बघितलं तर म्हणाल्या, "अरे, लागेल ना त्याला." संध्याकाळच्या चार्जमध्येही तो आला, "बेबी ऑफ मालक, श्वास चाळीस, काही खाल्लेलं नाही." वॉचमन गंभीरपणे मान हलवायचा.

मला मात्र पहिल्या दिवशी दुपारीच सगळं कळलं होतं.

काही महिन्यांपूर्वी अशाच एका मीटिंगच्या आधी सर म्हणाले होते, "मध्येच पडदा कोरा दिसतो यार, वाईट इम्प्रेशन पडतं. काहीतरी कर." मी तीन ओळी लिहिल्या. झबल्याकडून खबर यायची थांबली की आधीचा आकडा दाखवत राहायचं. आणि तो अडकल्यासारखा वाटू नये म्हणून एक-दोनने वर-खाली करायचं. तेवढ्या दिवसापुरतं होतं ते. नंतर काढायचं विसरलो. खालच्या मशीनने भोपळ्याला पहिला श्वास दिला होता, मशीन थांबून खबर बंद झाली की माझ्या तीन ओळी त्याला जिवंत ठेवत होत्या.

सांगायचं तर आपली वाट लागणार. न सांगता गुपचूप काढायचं तर श्वास घेणारा भोपळा अचानक का मेला, हे सांगायला लागणार. मी गप्प राहिलो. सोमवारी गप्प, मंगळवारी गप्प.

गुरुवारी सिस्टर डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. "काय रे, हे असं का होतं, तुला ठाऊक आहे?"

"नाही, सिस्टर."

त्यांनी माझ्या डब्यात आपल्याकडची सुकटीची चटणी घातली. मग सांगायला लागल्या. फार वर्षांपूर्वी त्यांच्या वॉर्डात बाळांना ऊब द्यायचं एक यंत्र होतं, वर काटा. पहाटे एका बाळाजवळून जाताना त्यांनी काटा बघितला, बरोबर जागेवर होता. पुढे गेल्या. मग उगाच मागे आल्या आणि बाळाला हात लावला. "काटा बरोबर होता. बाळ गार पडलेलं." यंत्र कधीच बंद पडलं होतं, काटा तिथेच अडकलेला.

"मग?" मी विचारलं. घास हातात तसाच.

"मग काय! चोळलं, छातीशी धरलं, पदरात गुंडाळून तीन तास बसले. आता मुलुंडला बँकेत आहे मेला. मागे गेले होते, तर म्हणतो, आजी, दोन नंबरच्या खिडकीत जा." डबा बंद करत त्या उठल्या. "खोटा आकडा वाईट रे. आकडा नसला तर माणूस निदान बघायला तरी उठतो."

मी तेव्हाही बोललो नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

शुक्रवारी डॉक्टरीणबाई आल्या. पन्नाशीच्या, घाईत असलेल्या. सरांनी सकाळीच सिस्टरना सांगितलं होतं, की भोपळा आज दिसता कामा नये. सिस्टरने क्रेटवर दुपटं टाकलं. आता दिसत नव्हता. पण स्क्रीन चालूच होती.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "श्वास एकोणचाळीस. छान. कोणाचं बाळ आहे?"

सरांनी आमच्याकडे बघितलं, आम्ही जमिनीकडे. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात बेबी ऑफ मालक लिहिलेलं.

"माझं," सर म्हणाले.

"अरे वा! अभिनंदन. आहे कुठे?"

सिस्टरने दुपटं बाजूला केलं.

खालचं मशीन जेवणाच्या सुट्टीमुळे बंद होतं. डॉक्टरीणबाई भोपळ्याकडे बघत होत्या. मग सरांकडे. सर म्हणाले, "ॲक्चुअली, भोपळ्यात पाणी असतं..."

"सर, थांबा," मी म्हटलं. "ते माझ्यामुळे आहे." आणि मी त्या तीन ओळींचं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं हसू गेलं. "म्हणजे डबी निघाली तरी हे चाळीस दाखवणार?"

"हो."

"आणि बाळाची छाती हलायची थांबली तर?"

"खबर बंद झाली असंच समजणार. म्हणजे... चाळीसच."

सर लालबुंद झाले. "मी तुला असलं काही करायला सांगितलं नव्हतं!"

"पडदा कोरा नको म्हणाला होतात ना तुम्ही."

"म्हणून खोटे आकडे?"

"ए, भांडण मागाहून," सिस्टर म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "चार दिवस माका सांगूक जमला नाय तुका? बस खाली. आधी काढ ता."

सगळ्यांच्या समोर मी खुर्चीत बसलो आणि तीन ओळी पुसल्या. मिनिटभरही लागलं नाही. स्क्रीनवरचा एक्केचाळीस गेला. पडदा कोरा झाला.

शिलाई मशीनवर बसलेल्या ताईंनी पदर तोंडाला लावला. "गेला," म्हणाल्या.

सोमवार अर्थातच रद्द झाला. डॉक्टरीणबाई जाताना सरांना म्हणाल्या, "नीट करून आणा. आणाल तेव्हा या बाईंची सही असेल तरच बघेन." सर माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "पडदा कोरा नको असं मी म्हणालो होतो. आठवलं मला." बस, एवढंच. मला काढलं नाही.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सिस्टरनी भोपळ्याचे घारगे करून आणले. ताईंनी खाल्ले नाहीत. वॉचमनने एक हातात घेऊन विचारलं, "ये वही है?" आणि परत ठेवला. सरांनी चार खाल्ले.

मग पुढचे तीन महिने खरं काम झालं. धागा बदलला, डबीची बटणं बदलली. सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका वाक्यावरून. खबर बंद झाली की पडद्यावर काय दाखवायचं? सर म्हणाले, 'सिग्नल तात्पुरता उपलब्ध नाही.' सिस्टर म्हणाल्या, "पहाटे चारला उठलेल्या बाईला ह्यातलं काय कळणार? सरळ लिही, मला माहीत नाही."

"सिस्टर, आपलं प्रॉडक्ट असं कसं म्हणेल? लोक म्हणतील, मग तुम्हाला घेतलंय कशाला?"

"मालक, माहीत नसताना माहीत नाही म्हणायला छाती लागते. झबलं छातीवरच तर असतं." हा विनोद होता की नाही कोणाला कळलं नाही. त्या हसल्या नव्हत्या. आठवड्याने सरांनी हात वर केले, आणि मी लाल अक्षरात लिहिलं, 'मला माहीत नाही. बाळाकडे बघा.' सिस्टरने सही केली.

प्रसूतिगृहात झबली लावायला मी गेलो, सिस्टर आल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, दुसरीच्या वॉर्डात जाऊन उभं राहिलं की तिला वाटतं आपल्यावर पाळत ठेवायला आली. "तू जा. तुला कोण विचारतंय!"

पहिल्याच दिवशी दुपारी तिथल्या नर्सबाईंना घाईने लेबर रूममध्ये बोलावलं. "दोन मिनिटं बघ हां," म्हणून त्या गेल्या. खोलीत सहा पाळणे, भिंतीला प्रत्येक झबल्याचा एक असे सहा फोन आणि मी. एका मिनिटात तिसरा फोन लाल झाला. मला माहीत नाही. बाळाकडे बघा.

हे वाक्य मीच टाइप केलेलं. तरीही मी उभाच. जन्मात तान्हं बाळ हातात घेतलं नव्हतं. सिस्टरना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"सिस्टर, तिसरा म्हणतोय माहीत नाही. काय करू?"

"मग बघ."

"बघतोय. पूर्ण लाल झालाय."

"मेल्या, फोन काय बघतोस! बाळ बघ!"

मी पाळण्यापाशी गेलो. दुपट्यातून एवढंसं तोंड बाहेर. डबी एका बाजूने निघाली होती. ती नीट दाबून बसवली, पण आकडा यायला वेळ लागणार होता.

"छातीवर हात ठेव. दाबू नको. हलतंय?"

"हो. हलतंय."

"मोज. मी घड्याळ बघते."

मी मोजायला लागलो. आठपर्यंत मोठ्याने मोजलं, मग मनात. तळव्याखाली ती छाती इतकी छोटी होती की माझा हात तिच्यापेक्षा मोठा होता. मध्येच ती थांबल्यासारखी झाली आणि माझाही श्वास थांबला. मग पुन्हा सुरू झाली.

"झालं मिनिट. किती?"

"चव्वेचाळीस."

"झकास. मध्ये थांबल्यासारखं वाटलं असेल, घाबरू नको, तसंच घेतात ती. आणि हात धुतलेलंस मां रे?"

मी हाताकडे बघितलं. सकाळपासून वायर, बटणं, रिक्षाचा दांडा.

"नाही, सिस्टर."

त्यानंतर त्या मालवणीत जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. पण स्पीकर चालू होता. आधी पहिल्या पाळण्यातलं बाळ उठलं, त्याच्या आवाजाने दुसरं, मग सगळी खोलीच रडायला लागली. मला फोन बंद करायचं सुचेना. पलीकडे सिस्टर ऐकत होत्या.

"पाचच येतायत," त्या म्हणाल्या. "सहावं बघ."

मी धावलो. शेवटच्या पाळण्यातलं बाळ टक्क जागं होतं. रडत नव्हतं. मूठ तोंडात घालून चोखत होतं आणि छताकडे बघत होतं.

"मूठ चोखतंय, सिस्टर."

"मग भूक लागलीय त्याला. पलीकडच्या खोलीत आई असेल, उचल आणि तिच्याकडे दे."

मी आधी हात धुतले.